नको असताना दिवस राहिले तर: सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशनाच्या खोलीबद्दल

निपाणी भागातल्या आमच्यासारख्या बायका बाळंतपणाला ज्या सरकारी दवाखान्यांत जातात, त्यातल्याच एकाच्या मागच्या व्हरांड्यात कुटुंब कल्याणाची एक खोली आहे. पाटी कानडीत आहे, त्यामुळे ती खोली नेमकी कशाची ते आमच्या गावातल्या पुष्कळ जणींना ठाऊक नाही. तिथं ऑपरेशनची नावं लिहून घेतात एवढंच मलाही माहीत होतं. आता माहीत झालंय की नको असताना दिवस राहिले तर आधी तिथंच जावं. मी त्या सेवेला पाचपैकी चार गुण देते. एक गुण का कापला तेही पुढे येईल.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. गाव, दवाखाना आणि महिना सांगितला की आमच्या गल्लीतल्या कुणालाही मी कोण ते जुळवता येईल, आणि हा विषय तसा आहे. सांगते ती रीत सगळीकडच्या सरकारी दवाखान्यात असायला हवी, म्हणून वाचणारीनं आपल्या जवळच्या दवाखान्यात हेच मागावं.

मी सदतीस वर्षांची. ब्लाऊज शिवते, जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवते. थोरली पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, धाकटा सहावीत. ह्यांचा कारखान्याच्या ऊसवाहतुकीवर ट्रॅक्टर असतो, त्यामुळे पावसाळ्यात हातात पैसा नसतो. आम्ही साधन वापरत होतो, तरी पाळी चुकली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चाळिशी जवळ आली की असंच मागंपुढं होतंय, काय काळजी करूलीस?" मलाही तसंच वाटावं असं वाटत होतं. पण सकाळी मशीनवर बसलं की कोऱ्या कापडाच्या वासानं मळमळायचं, आणि दोन बाळंतपणं झालेल्या बाईला ती मळमळ ओळखता येते.

आमच्या आशाताईंकडे निश्चय नावाचं किट फुकट मिळतं. मेडिकलमधून आणायचं तर गावात दुकानदारही ओळखीचा, म्हणून हे फार सोयीचं. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. दोन रेघा आल्या. आशाताईंनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, फक्त विचारलं, "आता काय करायचं म्हणताय?" मला उत्तर नव्हतं. रडू मात्र आलं. त्यांनी सांगितलं की सरकारी दवाखान्यात एक मॅडम आहेत, त्यांच्याशी बोलू. खरं मी लगेच गेले नाही. सरकारी म्हटलं की गावभर होणार, ही भीती.

म्हणून आधी दुसरीकडे विचारून पाहिलं, आणि तिथं काय मिळतं ते सांगितलंच पाहिजे, कारण आपल्यातल्या बहुतेक जणी तिथंच जातात. एका मेडिकलवाल्यानं माझं अर्धं वाक्य ऐकूनच काउंटरखालून गोळ्यांचं पाकीट काढलं. किती दिवस झाले, आधीचं सिझेरियन आहे का, रक्त किती आहे, काही विचारलं नाही. छापील किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे मागितले आणि "कुणाला सांगू नका" म्हणाला. मी न घेता परत आले. मग एका खाजगी नर्सिंग होममध्ये गेले. तिथं रिसेप्शनवरच्या मुलीनं चार बायकांसमोर मोठ्यानं विचारलं, "खाली करायचंय का?" आत गेल्यावर सांगितलं की नवऱ्याची सही लागेल, आणि त्याच वेळी मुलं न होण्याचं ऑपरेशन करून घेणार असाल तरच करू. मला काय हवंय, हा प्रश्न तिथं कुणाला पडलाच नाही. ह्या दोन्ही अटी कायद्यात कुठंच नाहीत. ते मला पुढे त्या खोलीत कळलं, पण त्या दिवशी मी खाली मान घालून बाहेर पडले.

कोल्हापूर आमच्यापासून जवळ, बेळगाव लांब. आजार मोठा असला की आमच्याकडची माणसं आधी कोल्हापूरचंच नाव काढतात, आणि मीही मनात तेच धरलं होतं. पण कर्नाटकातल्या बाईला शक्ती योजनेत इकडच्या साध्या सरकारी गाडीत आधार दाखवून शून्याचं तिकीट मिळतं, तिकडे जायचं म्हटलं की पैसे मोजायचे, शिवाय घरी कारण सांगायचं. शेवटी आशाताईंच्या शब्दावर मी इकडच्याच सरकारी दवाखान्यात गेले. गावाबाहेर पडताना त्या एका गाडीनं, मी मागच्या गाडीनं. तेही त्यांनीच सुचवलं. आशाताईबरोबर बाई दिसली की गावात लोक लगेच अंदाज बांधतात, हे त्या इतकी वर्षं बघत आल्या आहेत.

खोली लहान. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला तांबी बसवलेलं गर्भपिशवीचं प्लास्टिकचं मॉडेल, कपाटावर निरोधचे खोके. समुपदेशक मॅडम तिशीच्या असतील. माझं नाव विचारलं, मग आशाताईंकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का? ह्यांच्याशी एकटीशी बोलते." आशाताई उठल्या, मॅडमनी दार लोटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला एकटीला बसवून घेतलं होतं. मॅडमचं घरचं बोलणं कानडी, पण मराठी आमच्याइतकंच सहज.

पहिली गोष्ट त्यांनी विचारली ती शेवटच्या पाळीची तारीख. मला तारीख आठवेना. कर्नाटकी बेंदराच्या दोन दिवस आधी आली होती, एवढं पक्कं, कारण बेंदराच्या पुरणपोळीला मी हात लावला नव्हता. मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून ज्येष्ठ पौर्णिमा शोधली, दोन दिवस मागं मोजले आणि ती तारीख घेतली. मग टेबलाच्या खणातून पुठ्ठ्याची एक गोल चकती काढली. बाहेरच्या गोलावर वर्षाचे महिने आणि तारखा, आत दुसरा गोल फिरतो, त्याच्यावर आठवडे. बाण त्या तारखेवर ठेवला आणि आजच्या तारखेसमोर कोणता आठवडा येतो ते बोटानं दाखवलं. सातच्या जरा पुढे. "संबंध आला त्या दिवसापासून नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात," त्या म्हणाल्या. आपल्यातल्या कितीतरी बायका इथंच फसतात. पाळी चुकून पंधरा दिवस झाले म्हणजे पंधरा दिवसांचंच, असं त्या धरून चालतात, आणि तोवर सहा आठवडे झालेले असतात. चकती त्यांनी माझ्या हातात दिली, मी स्वतः फिरवून बघितली. आपल्या हातात अजून वेळ आहे हे डोळ्यांनी दिसलं तेव्हा माझा श्वास जरा खाली बसला.

त्यानंतर त्या म्हणाल्या, "आज काही ठरवायला पाहिजे असं नाही. तुम्हाला काय काय करता येतं ते सांगते, मग घरी जाऊन विचार करा." आणि खरोखर त्यांनी सगळं सांगितलं, एकाही गोष्टीकडे ओढलं नाही.

ठेवायचं असेल तर तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड, काढायचं, अंगणवाडीत गरोदर बायकांना दुपारचं गरम जेवण मिळतं, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. पस्तिशीच्या पुढं असल्यामुळे साखर आणि बीपीवर जास्त लक्ष ठेवावं लागेल, पण वय झालं म्हणून ठेवताच येत नाही असं अजिबात नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला ते महत्त्वाचं वाटलं, कारण माझ्या मनात वयाची लाज होती. थोरली लग्नाच्या वयाला येत चालली आणि आई पोटुशी, लोक काय म्हणतील. मॅडम म्हणाल्या, लोकांचं बाजूला ठेवा, तुमच्या अंगाला आणि घराला काय झेपतं ते बघा.

बाळ जन्माला घालायचं पण सांभाळणं शक्य नसेल, तर जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे ते रीतसर सोपवता येतं. आईचं नाव गुप्त राहतं आणि सोपवल्यावरही विचार बदलायला दोन महिने मिळतात. माझ्यासारखीला ते लागणार नव्हतं, तरीही त्यांनी सांगितलं. "प्रत्येकीला सांगते. आज तुम्हाला नको असेल, उद्या तुमच्याकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या कुणाला लागेल," असं म्हणाल्या. बाळ झुडपात किंवा बसस्टँडवर टाकून दिल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या आयांना ही वाट आहे हे कुणी सांगितलं असतं तर, असं तेव्हापासून सारखं मनात येतं.

आणि थांबवायचं असेल, तर तोही हक्काचाच मार्ग आहे. १९७१ चा कायदा आहे. पूर्वी साधन फसलं हे कारण फक्त लग्न झालेल्या बाईला चालायचं. २०२१ मध्ये तो बदलला आणि तिथं 'बाई किंवा तिचा जोडीदार' आलं. हा बदल २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि काही ठरावीक परिस्थितीतच करता येतं: बलात्कार झालेली बाई, अल्पवयीन मुलगी, मधेच नवरा वारलेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग किंवा मनाच्या आजाराची बाई, गर्भात मोठा दोष असलेली. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर दोष असेल तर, आणि तेही वैद्यकीय मंडळानं मान्य केल्यावर. सही अठरा वर्षांवरच्या बाईची एकटीचीच लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही.

मी म्हटलं, "पण नर्सिंग होममध्ये तर म्हणाले की..." त्यांनी मधेच फाईलमधून संमतीचा कागद काढला. फॉर्म सी म्हणतात त्याला. त्याच्यावरची एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली आणि विचारलं, "ह्यात नवऱ्याच्या सहीची जागा कुठं दिसते का?" नव्हती. मी दोन-तीनदा वरपासून खालपर्यंत बघितलं. आणखी एक सांगितलं: कायद्यानं मान्य केलेल्या माणसांशिवाय दुसऱ्या कुणाला डॉक्टरनी किंवा कर्मचाऱ्यानं बाईचं नाव सांगितलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आणि खाजगीत जायचंच असेल तर भिंतीवर सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र लावलेलं आहे का ते आधी बघा. ते दर्शनी लावलंच पाहिजे.

मला विचारायला भीती वाटत होती ते मी शेवटी विचारलं. आमच्या भागात गर्भपात म्हटलं की डोळ्यांसमोर म्हैसाळ येतं. २०१७ मध्ये एक बाई दगावली आणि मग मार्चमध्ये १९ गर्भ पुरलेले सापडले. सीमेच्या पलीकडे, मिरज तालुक्यात, पण आमच्यापासून ते लांब नाही. तेव्हापासून हा शब्दच पोलिसांना जोडून येतो. मॅडमनी शांतपणे फरक सांगितला. मुलगा की मुलगी ते तपासणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तपासून पाडणं गुन्हा आहे, मान्यता नसलेल्या जागी आणि अधिकार नसलेल्या माणसाकडून करणं गुन्हा आहे. नको असलेलं गरोदरपण योग्य डॉक्टरकडे वेळेत थांबवणं गुन्हा नाही. लपूनछपून केल्यामुळेच बायका मरतात, हे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचाही आवाज जरा जड झाला होता.

मी घरी आले. रात्री ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "अंग तुझं हाय, तू ठरीव. मी सोबत येतो." आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं नाही, त्यांना सहन झालं नसतं. दोन दिवस मी पंचमीचे ब्लाऊज शिवत विचार केला. माहेरवाशिणींचे ब्लाऊज अडलेले, मशीन थांबवता येत नव्हतं, आणि मला वाटतं ते बरंच झालं. मला तिसरं नको होतं. मुलांवर प्रेम नाही म्हणून नव्हे, थोरलीच्या शिक्षणाला जे जमवतेय ते हातातून गेलं असतं म्हणून, आणि धाकट्याच्या वेळी माझं रक्त इतकं उतरलं होतं की पुन्हा त्यातून जायची भीती वाटत होती म्हणून. हे मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा मॅडमना असंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आणि रक्तगट दोन्ही. गट निगेटिव्ह असेल तर वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं म्हणून तो बघतात. मग स्कॅनिंग. स्कॅनिंग कशाला, हे मी विचारलं तर नीट समजावलं: गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत तर नाही ना, हे बघायचं असतं. नळीत असेल तर गोळ्यांनी काम होत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. मला त्या क्षणी काउंटरखालून पाकीट काढणारा तो मेडिकलवाला आठवला आणि अंगावर काटा आला. त्याच्याकडे कसलं स्कॅनिंग!

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, त्याच्या पुढं पिशवी मशीननं रिकामी करावी लागते. माझं गोळ्यांत बसत होतं. पहिली गोळी तिथंच, त्यांच्यासमोर दिली. दुसऱ्या गोळ्या दोन दिवसांनी. त्या दिवशी कुणीतरी घरात असावं, पोटात दुखेल, पाळीपेक्षा जास्त जाईल, गाठी पडतील, थंडी वाजेल, हे सगळं आधीच सांगितलं होतं, म्हणून झालं तेव्हा घाबरले नाही. दुखलं मात्र खूप. बाळंतपणाच्या कळांची आठवण यावी इतकं, काही तास. ह्यांनी स्वयंपाक केला, मुलांना आई आजारी आहे असं सांगितलं.

जाताना सिस्टरनी एका कागदावर मराठीत लिहून दिलं होतं की कधी थांबायचं नाही, सरळ यायचं: तासात दोन जाड पॅड भिजत असतील आणि ते दोन तास तसंच चाललं, ताप उतरत नसेल, घाण वासाचं जात असेल, चक्कर येऊन पडलात, किंवा दुसऱ्या गोळ्यांनंतर काहीच गेलं नाही. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करून गाडी मागवायची. प्रश्न असेल तर १०४ वर आरोग्याची माहिती मिळते. मनाला फार लागलं तर १४४१६ वर बोलता येतं. घरात मारहाण होत असेल किंवा जबरदस्ती होत असेल तर १८१. तो कागद मी अजून शिवणाच्या पेटीत ठेवलाय, आणि तिघी जणींना त्यावरून उतरवून दिलाय.

पंधरा दिवसांनी परत बोलावलं होतं. बऱ्याच जणी जात नाहीत, रक्त थांबलं की झालं म्हणतात. जायलाच हवं. पिशवीत काही राहिलं असेल तर तेव्हाच कळतं. माझं सगळं ठीक होतं. त्याच दिवशी पुढचं काय वापरणार ते विचारलं. इथं मला त्यांचं सगळ्यात जास्त पटलं. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, आठवड्याच्या हिशेबानं घ्यायची छाया गोळी, माझं ऑपरेशन, ह्यांचं बिनटाक्याचं ऑपरेशन, सगळं फुकट आणि प्रत्येकाचा त्रास काय तेही सांगून. "काहीच नको म्हणालात तरी उपचार थांबत नाही," हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नर्सिंग होमची अट ऐकल्यावर. पुढची पाळी यायच्या आतही पुन्हा दिवस राहू शकतात, हे मात्र बजावून सांगितलं. मी दहा वर्षांची तांबी बसवून घेतली. तोपर्यंत माझा हा प्रश्नच मिटेल.

आता कापलेला गुण. व्हरांड्यात बसलेल्या बायकांची नावं मोठ्यानं पुकारतात, आणि एकदा तर एका सिस्टरनी नावाबरोबर कशासाठी आली तेही पुकारलं. ती बाई माझ्यासारखीच डोक्यावरून पदर ओढून बसली होती. आत इतकी जपणूक आणि दाराबाहेर हे, मला फार लागलं. नंबरानं पुकारायला काय हरकत आहे? दुसरं, स्कॅनिंग रोज होत नाही, त्यामुळे लांबून आलेल्या बाईची खेप फुकट जाते आणि ह्या बाबतीत एकेक आठवडा मोलाचा असतो. मॅडम रजेवर असल्या तर खोली बंद, दुसरं कुणी बसत नाही. आणि ती पाटी. इतक्या मराठी बायका येतात तिथं खाली एक ओळ मराठीत लिहिली असती तर कितीतरी जणी मेडिकलच्या दारात गेल्या नसत्या. हे सगळं मी तिथल्या सूचनापेटीत लिहून टाकलंय, नावाशिवाय.

लग्न न झालेल्या मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण माझ्याकडे कॉलेजच्या पोरी ड्रेस शिवायला येतात आणि त्यांच्यातली एखादी कधी विचारेल म्हणून मी हे मॅडमकडून मुद्दाम समजून घेतलं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की लग्न झालंय की नाही ह्यावरून बाईच्या ह्या हक्कात फरक करता येत नाही, वीस ते चोवीस आठवड्यांतसुद्धा. नवऱ्यानं जबरदस्ती केली असेल तर ह्या कायद्यापुरता तोही बलात्कारच धरायचा, हेही त्याच निकालात आहे. अठरा पूर्ण असलेल्या मुलीला आईबापांची सही लागत नाही. अठराच्या आतली असेल तर पालकाची सही लागते आणि डॉक्टरना पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीनं आणि पालकांनी सांगितलं तर त्या कळवण्यात तिचं नाव द्यायची गरज नाही. हे शेवटचं फार कमी लोकांना माहीत आहे. पोलीस येतील ह्या भीतीनं आया पोरींना घेऊन कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत जातात. जाऊ नका. अठराच्या आतल्या मुलीसाठी १०९८ वर फोन करूनही मदत मागता येते.

आणि ज्यांची वेळ अजून त्या टप्प्यावर गेलेली नाही त्यांच्यासाठी: साधन फसलं किंवा वापरलंच नव्हतं, तर बहात्तर तासांच्या आत घ्यायची एक गोळी असते, आशाताईंकडे मिळते. जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. दिवस राहिल्यावर तिचा उपयोग नाही, आणि ती गर्भ पाडायची गोळी नव्हे. आमच्याकडे ह्या दोन्ही गोळ्यांची सरमिसळ सर्रास होते.

जायचं ठरलं तर सकाळी लवकर निघा, आधार आणि रेशन कार्ड बरोबर घ्या, आधीच्या सिझेरियनचे किंवा कुठल्या आजाराचे कागद असतील तर तेही. पाळीची तारीख आठवत नसेल तर सण, लग्न, यात्रा, जे आठवेल ते सांगा, त्या शोधून काढतात. केसपेपरच्या खिडकीवर 'बायकांच्या डॉक्टरना दाखवायचंय' एवढंच म्हणा, जास्त सांगायची गरज नाही, बाकीचं आत बोला. कुणी नवऱ्याची सही मागितली तर फॉर्म सी दाखवा म्हणायचं. आणि निघायच्या आदल्या दिवशी आशाताईंकडून विचारून घ्या की मॅडम आहेत का आणि स्कॅनिंग कोणत्या वारी आहे.